लढाईतला नियम दोन अर्थांचा निघाला तर? आमच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवारी दुपारी आमचं टेबल बसतं. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (फासे टाकत, आपापलं पात्र वठवत खेळायचा कथाखेळ; गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा तो डीएम), बोलणं मराठीत, आणि मोहीम सह्याद्रीतल्या एका काल्पनिक गडावरची. नवा खेळाडू पहिल्या काही लढायांत ठरावीक जागी अडतो, आणि जुने खेळाडूही नेमके तिथेच हुज्जत घालतात. त्या जागांबद्दलचे प्रश्न आणि आमचे निकाल इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांत चार पात्रं येतील: भैरू फायटर (लढवय्या), सगुणा क्लेरिक (पुजारी), चंद्री विझर्ड (जादूगार) आणि कासम रोग (लपूनछपून वार करणारा).

तुम्ही कोणत्या आवृत्तीचे नियम लावता?

पाचवी आवृत्ती, २०२४ ची सुधारित. हा प्रश्न सगळ्यांत आधी घेतला, कारण बरेच वाद नियमाच्या अर्थावरून होतच नाहीत. एकानं २०१४ चं पुस्तक वाचलेलं असतं, दुसऱ्यानं २०२४ चं, आणि दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात.

चंद्री आपल्या टर्नला (पाळीला) फायरबॉल ही आगीची जादू टाकते. शत्रूचा मांत्रिक काउंटरस्पेल (जादू मोडणारी जादू) टाकून तो अडवतो. मग चंद्रीनं त्या काउंटरस्पेलवर आपला काउंटरस्पेल टाकायचा का? २०१४ च्या नियमांत टाकता येतो. २०२४ मध्ये एका टर्नला एकच स्पेल स्लॉट (जादू टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्च करता येतो आणि तो फायरबॉलवर गेलेला असतो, म्हणून नाही. तिच्या मैत्रिणीनं तो अडवायचा म्हटलं तर मात्र खुशाल, कारण तिचा स्लॉट अजून शिल्लक आहे.

पुस्तकं महाग आहेत, पण मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी’ (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) नावानं फुकट आणि कायदेशीर मिळतो. ५.१ हा २०१४ च्या नियमांचा. तो जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. ५.२ हा २०२४ च्या नियमांचा, २०२५ मध्ये आलेला. उतरवून घेताना आकडा नीट बघा.

वाक्याचे दोन अर्थ निघतात. आधी काय बघायचं?

आधी बघायचं की त्या क्षमतेच्या, जादूच्या किंवा राक्षसाच्या वर्णनात काही वेगळं लिहिलंय का. विशेष नियम सामान्य नियमाच्या वर चालतो, हे पुस्तकातच सांगितलंय. मग घटनांचा क्रम: काय घडल्यावर काय घडतं? लढाईतल्या गुंत्यांपैकी पुष्कळसे हा क्रम मोठ्यानं बोलून दाखवला की सुटतात. तरीही दोन्ही अर्थ उभे राहिले, तर डीएम निकाल देतो आणि खेळ पुढे जातो. एवढ्या सगळ्याला दोन मिनिटं. पाच जण आपापल्या टर्नची वाट बघत बसलेले असतात, त्यांची दुपार दोघांच्या वादात घालवायची नाही.

निकाल वहीत उतरतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेली साधी दोनशेपानी वही आहे. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर निकाल आणि तारीख. आठवडाभरात कुणीही पुस्तक चाळून वेगळं मत मांडावं. पटलं तर पुढच्या रविवारपासून बदल. झालेली लढाई उलटवली जात नाही.

फासा पडल्यावर कळलं की नियम मी समजत होतो तसा नाही. चाल मागे घेता येते का?

या प्रश्नाला आमच्याकडे सगळ्यांत जास्त वजन आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

खेळाडू चाल ठरवतो ती नियमाच्या काही समजुतीवर. कासम अरुंद पायऱ्यांवर दोन पहारेकऱ्यांच्या मधून निसटायचं म्हणतो, कारण त्याला वाटतं की तो लपलेला आहे. डीएमच्या मते लपणं एक पायरी आधीच संपलंय. आता डीएमनं “चाललास ना? मग घे दोन हल्ले” म्हटलं, तर त्यानं कासमला पकडलं नाही, खेळाडूच्या वाचनाला पकडलं. कासम तिथे उभा आहे. पहारेकऱ्याची नजर आपल्यावर आहे की नाही, हे त्याला दिसतंय. पात्राला जे समोर दिसतं, ते खेळाडूला सांगितलंच पाहिजे.

म्हणून आमचा क्रम असा: खेळाडू चाल बोलतो, तिचा अर्थ वेगळा लागणार असेल तर डीएम फासा पडायच्या आधी सांगतो, खेळाडूला चाल बदलायची मुभा असते, मग फासा. फासा टेबलावर थांबला की त्या चालीपुरता अर्थ पक्का. आकडा बघून अर्थ लावायला बसलं की ज्याला जो आकडा हवा, त्याला तोच अर्थ पटतो. हे माणसं खोटी असतात म्हणून होत नाही. जीव गुंतलेला असतो म्हणून होतं. हे बंधन डीएमलाही तितकंच आहे. सरदाराचा सेव्ह (जादूतून वाचण्यासाठीचा फासा) फसला म्हणून जादूचं वर्णन पुन्हा वाचायला घ्यायचं नाही.

याला अपवाद एकच: पात्र मरणार असेल तर. तेव्हा घड्याळ बंद, पुस्तक बाहेर, चहा मागवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं. वर्षभर सांभाळलेलं पात्र घाईच्या निकालानं जाऊ नये.

टर्न आणि राउंड यांत फरक काय? दोन्ही सहा सेकंदच ना?

राउंड सहा सेकंदांचा. त्यात प्रत्येकाचा एक टर्न. पाच खेळाडू आणि चार पहारेकरी असतील तर एका राउंडमध्ये नऊ टर्न होतात. वाक्यात ‘टर्नला एकदा’ आहे की ‘तुमच्या टर्नला’ आहे, हे बोट ठेवून वाचा. इतके वाद दुसऱ्या कुठल्याच गोष्टीनं मिटत नाहीत.

कासमचा स्नीक अटॅक (संधी साधून जादा इजा करणारा घाव) घ्या. तो टर्नला एकदा आहे, राउंडला एकदा नाही. आपल्या टर्नला त्यानं एका शिपायावर तो वापरला. नंतर तोच शिपाई त्याच्या टर्नला पळायला निघाला आणि कासमला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटत्या शत्रूवरचा आयता हल्ला) मिळाला. हा टर्न शिपायाचा, म्हणून स्नीक अटॅक पुन्हा लागू शकतो. अट तीच: अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणं) हवा, किंवा डिसअ‍ॅडव्हांटेज (दोनातला लहान आकडा धरणं) नसताना आपला माणूस शिपायाच्या पाच फुटांत हवा. “हे फार झालं” असं काही जणांना वाटतं. पण कासमची त्या राउंडमधली, घटनेला प्रत्युत्तर म्हणून वापरायची एकमेव रिअ‍ॅक्शन खर्च झालेली असते, आणि ती त्याचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत परत येत नाही.

उलट बाजूनं भैरूचा एक्स्ट्रा अटॅक (एकाऐवजी दोन घाव). तिथे ‘तुमच्या टर्नला’ अटॅक अ‍ॅक्शन घेतली तर, असं लिहिलंय. त्यामुळे दुसऱ्याच्या टर्नला रिअ‍ॅक्शननं मारलेला घाव एकच.

एका टर्नला शत्रूला जादूच्या घेऱ्यात ढकललं, दुसऱ्याच्या टर्नला पुन्हा ढकललं. दोनदा इजा?

हो. सगुणाच्या स्पिरिट गार्डियन्स या जादूचा घेरा तिच्यासोबत फिरतो; त्या घेऱ्यात कुणी शिरलं, किंवा घेरा त्याच्या अंगावर आला, किंवा त्याचा टर्न घेऱ्यात संपला, तर त्याला सेव्ह करावा लागतो, पण एका टर्नला एकदाच. पुन्हा तोच शब्द, टर्न. सगुणा चालत आली, घेरा शिपायावर आला: एक सेव्ह. शिपायाचा टर्न तिथेच संपला: दुसरा. भैरूनं त्याला बाहेरून आत लोटलं: तिसरा.

अक्षरशः वाचलं तर हे बसतं, आणि आम्ही ते चालू देतो. त्यासाठी भैरूला घाव घालायचं सोडून लोटावं लागतं, सगुणाला जादू टिकवणारी एकाग्रता सांभाळत शत्रूंच्या गर्दीत जावं लागतं. मात्र शत्रूच्या पुजाऱ्याकडे हीच जादू असली, तर त्याचे शिपाईही तुम्हाला असेच लोटणार. खेळाडूंना दिलेला अर्थ राक्षसांना नाकारायचा नाही, आणि राक्षसांना दिलेला खेळाडूंना.

२०१४ च्या नियमांत अशा जादू ‘टर्नला पहिल्यांदा शिरल्यावर किंवा टर्न सुरू झाल्यावर’ लागायच्या. मूनबीम (प्रकाशझोताची जादू) शत्रूच्या अंगावर सरकवला तर तो ‘शिरला’ का, हा तेव्हाचा गाजलेला वाद. अधिकृत उत्तर ‘नाही’ असं होतं. २०२४ च्या मजकुरात प्रकाश अंगावर आला तरी सेव्ह, असं स्पष्ट लिहून तो मिटवलाय.

ऑपॉर्च्युनिटी अटॅक नक्की कधी?

तुम्हाला दिसणारा शत्रू तुमच्या टप्प्यातून (हत्यार पोचतं त्या अंतरातून) बाहेर पडत असेल तेव्हा, बाहेर पडायच्या अगदी आधी. टप्प्याच्या आत तो कितीही फिरला तरी नाही. पाच फुटांच्या तलवारीभोवती तो गोल चक्कर मारून तुमच्या पाठीमागे गेला, तरी काही नाही. लोकांना हे खटकतं, पण पुस्तक इथे अगदी स्पष्ट आहे.

आमच्या मोहिमेतल्या लांब भाल्याला पाइकचे आकडे आहेत, म्हणजे टप्पा दहा फूट. असा भालाईत असेल तर शत्रू दहा फुटांबाहेर जाताना हल्ला मिळतो. पाचवरून दहावर सरकताना नाही.

ढकललं, फेकलं, टेलिपोर्ट झाला, तर हल्ला नाही. पण एखाद्या जादूनं घाबरवून त्याला स्वतःच्या पायांनी पळायला लावलं आणि त्यात त्याची हालचाल किंवा रिअ‍ॅक्शन खर्च झाली, तर हल्ला मिळतो. ओळखायची खूण हीच: पळताना त्याच्या स्वतःच्या खात्यातून काही गेलं का?

‘दिसणारा’ हा शब्द विसरू नका. गोमुखी दरवाजात, जिथे वाट बुरजांच्या कवेतून वळते, तिथे कोपऱ्यापलीकडचा शत्रू पाच फुटांवर असूनही दिसत नाही. तिथे हा हल्ला नाही.

“तो हल्ला करायला आला की मी आधी मारतो” अशी रेडी अ‍ॅक्शन चालते का?

तशी नाही चालत. रेडी म्हणजे ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवून ठेवणं. रेडीमधली रिअ‍ॅक्शन ठरवलेली घटना पूर्ण झाल्यावर होते. ‘त्यानं हल्ला केला की’ असं बोललात, तर त्याचा हल्ला आधी पूर्ण होईल. ‘तो माझ्या टप्प्यात आला की’ म्हणा. टप्प्यात येणं पूर्ण झालं, तुमचा घाव बसला, मग त्यानं त्याचं काय ते करावं.

घटना तुमच्या पात्राला कळण्यासारखी हवी. ‘दिंडी दरवाजा उघडला की बाण’ चालेल. ‘त्याच्या मनात दगा आला की’ चालणार नाही. जादू रेडी केली तर स्लॉट तेव्हाच खर्च होतो आणि ती सोडेपर्यंत एकाग्रता धरावी लागते. घटना घडलीच नाही, तर जादू गेली.

लढाई सुरू व्हायच्या आधी ‘आम्ही सगळे रेडी करून बसलोय’ हे आम्ही मानत नाही. दोन्ही बाजू तयार असल्या तर पहिला हात कुणाचा, हे ठरवायलाच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा फासा) आहे.

अचानक छापा घातला. आम्हाला फुकटचा राउंड मिळतो?

नाही. वेगळा ‘सरप्राइज राउंड’ २०१४ मध्येही नव्हता, जुन्या आवृत्त्यांची ती सवय आहे. २०१४ मध्ये गाफील माणसाला त्याच्या पहिल्या टर्नला हलता येत नसे, अ‍ॅक्शन घेता येत नसे. २०२४ मध्ये गाफिलाला इनिशिएटिव्हवर डिसअ‍ॅडव्हांटेज, आणि लपून बसलेल्याला अ‍ॅडव्हांटेज. इतकंच. मला हे आवडतं, कारण छाप्याचा फायदा राहतो आणि कुणा खेळाडूला पहिली पंधरा मिनिटं हात बांधून बसावं लागत नाही.

लपलेला कासम आडोशातून बाहेर पडला. अजून लपलेलाच का?

इथे मजकूर खरोखर संदिग्ध आहे. लपायला दाट आडोसा हवा, शत्रूच्या नजरेबाहेर असायला हवं, आणि स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) फासा किमान १५. जमलं तर ‘इनव्हिजिबल’ ही स्थिती मिळते. ती संपते ती कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केल्यावर, हल्ल्याचा फासा टाकल्यावर, तोंडानं मंत्र म्हणावा लागणारी जादू केल्यावर, किंवा शत्रूनं शोधून काढल्यावर. अडचण या शेवटच्या कलमाची. शोधण्यासाठी शत्रूनं सर्च अ‍ॅक्शनच घ्यायला हवी, की समोर मोकळ्यावर उभा दिसला तरी तो ‘सापडला’?

पहिला अर्थ ताणला, तर कासम भर दुपारी माचीवरून पहारेकऱ्याच्या नाकासमोरून चालत जाईल आणि कुणाला दिसणार नाही. दुसरा ताणला, तर आडोशातून एक पाऊल टाकताच लपणं संपेल आणि जवळून वार करणाऱ्या रोगला लपून उपयोगच राहणार नाही.

आमचा निकाल मधला आहे. त्याच टर्नला आडोशातून निघून शत्रूपर्यंत पोचलात आणि वार केलात, तर त्या पहिल्या वाराला अ‍ॅडव्हांटेज. लढाईच्या गोंधळात सगळ्यांची नजर सगळीकडे नसते. पण टर्न उघड्यावर, शत्रूच्या नजरेसमोर संपवलात तर तुम्ही सापडलात. त्याला सर्च घ्यायची गरज नाही. शांत पहाऱ्यात, जिथे पहारेकरी नेमका त्याच वाटेवर डोळे लावून बसलाय, तिथे ही सवलतही नाही, आणि डीएमनं ते चाल करायच्या आधी सांगायचं. गडावरच्या मावळ्यांच्या वेषातले घातकीही याच निकालावर खेळतात.

काळोखात दोघांनाही दिसत नाही. मग फासा सरळ कसा?

तुम्हाला लक्ष्य दिसत नाही म्हणून डिसअ‍ॅडव्हांटेज. त्याला तुम्ही दिसत नाही म्हणून अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही कटतात. एका बाजूला तीन कारणं आणि दुसऱ्या बाजूला एक असलं तरी सगळं कटतं, मोजणी नसते. म्हणून काळोखात लांब पल्ल्याचा बाणही सरळ फाशावर सुटतो. विचित्र आहे, पण बदलायला गेलं की प्रत्येक हल्ल्याला बेरीज-वजाबाकी करावी लागते. आम्ही तसंच ठेवलंय. फक्त शत्रू लपलेला असेल, तर तो नकाशावरच्या कोणत्या घरात (चौकोनात) आहे ते तुम्हीच ओळखून सांगायचं. चुकीच्या घरावर बाण मारला तर तो वाया.

जंगीमागून बाण मारणाऱ्याला किती आडोसा?

तीन चतुर्थांश: एसी (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) आणि डेक्सटेरिटी (चपळाई) सेव्ह दोन्हींना +५. २०१४ च्या पुस्तकात भिंतीतली बाणफट हे या आडोशाचं उदाहरणच दिलंय, आणि आपल्या गडांच्या तटातल्या जंग्या म्हणजे तेच काम. अर्धा आडोसा +२. मधे उभा असलेला माणूस, आपला असो की परका, अर्धा आडोसा देऊ शकतो; हे बरेच जण सोडून देतात, आम्ही लावतो. दोन आडोसे जोडले जात नाहीत, मोठा तेवढा धरायचा.

शील्ड जादू (एसी वाढवून हल्ला परतवणारी) टाकण्याआधी हल्ल्याचा आकडा कळतो का?

हल्ला लागला हे कळतं, कारण जादूच मुळी लागल्यावर टाकायची आहे. आकडा सांगायचा की नाही, यावर पुस्तक गप्प आहे. आम्ही सांगतो. डीएम “सतरा, लागला” म्हणून श्वासभर थांबतो, मग इजेचे फासे. ज्याच्याकडे अशा रिअ‍ॅक्शन आहेत त्यानं तेवढ्यात बोलावं. इजा ऐकून ‘शील्ड टाकली असती’ म्हटलं तर उशीर झाला.

पडलेल्या पात्रावर राक्षस वार करणार का? आणि केला तर?

केला तर काय, हे सरळ आहे. शून्य एचपीवर (जीवाचे गुण संपल्यावर) इजा झाली की डेथ सेव्हचं (जगण्या-मरण्याच्या फाशाचं) एक अपयश. पाच फुटांतून वार लागला तर तो बेशुद्ध माणसावरचा म्हणून क्रिटिकल, म्हणजे दोन अपयशं. तीन झाली की पात्र गेलं. शिवाय शून्यावर आणून उरलेली इजा पात्राच्या कमाल एचपीइतकी असेल तर जागेवर मृत्यू: कमाल २०, शिल्लक ५, आणि इजा २५.

करणार का, हे नियम सांगत नाही. आम्ही ते मोहिमेच्या पहिल्या बैठकीतच सांगून टाकतो. भुकेला लांडगा पडलेल्याला ओढून नेईल. पगारी शिपाई उभ्या असलेल्यांकडे वळेल. सगुणा पडलेल्याला उठवते हे एकदा पाहिलेला सरदार मात्र पडलेल्याचा गळा आधी चिरेल. राक्षस काय करेल हे त्याच्या स्वभावावरून ठरतं, कोणत्या खेळाडूवर डीएम चिडलाय यावरून नाही.

शत्रूला जिवंत पकडायचं असेल तर शेवटचा घाव जवळचा हवा. बाणानं बेशुद्ध करता येत नाही.

नियम लिहिणाऱ्यांनी सोशल मीडियावर दिलेली उत्तरं धरता का?

वाचतो, पण ती बंधनकारक मानत नाही. प्रकाशकांचं ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ संकलन अधिकृत आहे. वादात ते आधी, आणि कुणाचं तरी जुनं ट्वीट नंतर. खेळ चालू असताना फोनवर शोधाशोध नाही.

तिरकं चाललं तर किती फूट?

पाचच, सरळ घरासारखं. एक आड एक दहा मोजायची जुनी पर्यायी पद्धत आम्ही वापरत नाही. मात्र भिंतीचा किंवा बुरजाचा कोपरा तिरका कापता येत नाही, वळसाच घालावा लागतो. गडाच्या नकाशावर हे फार वेळा येतं, म्हणून असे कोपरे आम्ही आलेख कागदावर लाल पेन्सिलीनं गिरवून ठेवतो. लढाई सुरू व्हायच्या आधी ते एकदा बघून घ्या.